कित्ता, क्ले आणि शर्टाचं बटण

“लिहायचा कंटाळा आहे त्याला, दुसरं काही नाही. रोज दोन पानं शुद्धलेखन घाला, महिन्याभरात अक्षर सुधारेल.” दुसरी-तिसरीतल्या मुलाची वही पाहून शाळेत, शिकवणीला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हा सल्ला मिळतो. अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक आला आहे : “बोटांत ताकद नाही. क्ले मळायला द्या, स्पंज पिळायला द्या, मणी ओवायला द्या. हात तयार झाला की अक्षर आपोआप येईल.” पहिला सल्ला कित्त्यावर वाढलेल्या पिढीचा, दुसरा मोबाईलवर व्हिडिओ पाहणाऱ्या आईबापांचा. दोन्ही मायेपोटीच दिले जातात. तरी ज्या मुलांच्या हाताची अडचण खरी आहे, त्यांच्या बाबतीत दोन्ही सल्ले चुकतात असं माझं स्पष्ट मत आहे. जे काम मुलाला जमत नाही ते काम कसं करायचं, हे या दोन्हींत त्याला कुणी शिकवतच नाही.

कित्त्याच्या बाजूचा पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी मान्य करायला हवं. त्याच्या मागे मोठी माणसं उभी आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आणि अक्षर घोटून सुंदर करायला सांगितलं. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराची खंत केली आहे आणि वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण मानली आहे. ‘सुंदर अक्षर हाच खरा दागिना’ हे वाक्य तर अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं सापडेल. शिवाय अनुभवही कित्त्याच्या बाजूने बोलतो. बहुतेक मुलांचं अक्षर गिरवून सुधारतंच.

प्रश्न उरतो तो बाकीच्या मुलांचा. बोलण्यात चलाख, गोष्ट एकदा ऐकली की पाठ, पाढे तोंडावर. पण शर्टाचं बटण लागत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही, वरणभात खाताना अर्धा घास ताटाबाहेर. लिहिताना पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो, आणि दुसऱ्या हाताने वही धरायची असते हे ध्यानातच राहत नाही. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. डिस्प्रॅक्सिया हा शब्दही पुष्कळांच्या कानांवर असतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानसंहितेत पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण पाच ते सहा टक्के दिलं आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुलं असू शकतात. बुद्धी, दृष्टी किंवा स्नायूंचा एखादा ज्ञात आजार यांमुळे ही अडचण येत नाही. हालचालीची आखणी करणं, ती कशी होईल याचा आधीच अंदाज बांधणं आणि चुकली की दुरुस्त करणं, हे मेंदूचं काम या मुलांत सहज होत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत ही शक्यता जास्त असते. ‘मोठा झाला की येईल’ हेही खरं नाही. यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची अडचण किशोरवयातही टिकते.

आता कित्त्याकडे वळू. दोन पानं गिरवताना बहुतेक मुलांच्या हातात काय घडतं? पहिल्या पाच-सहा अक्षरांत हाताला चूक कळते, पुढच्या ओळीत ती दुरुस्त होते आणि पान संपेतो वळण बसतं. आपल्या या मुलाच्या हाताला चूक कळतच नाही. म्हणून तो पहिल्या ओळीत ‘क’ जसा मोडका काढतो तसाच शंभर वेळा काढतो, आणि शंभराव्या वेळी तो मोडका ‘क’च हातात पक्का बसतो. त्यात हात दुखतो, वर बोलणी खावी लागतात, आणि वहीची भीती बसते ती वेगळीच. या अवस्थेत त्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, कारण दोन पानं काढायला त्याला जे कष्ट पडतात ते शेजारच्या मुलाला दहा पानांनाही पडत नाहीत.

पूर्वपक्षाने ज्यांचा आधार घेतला त्यांचं म्हणणं पुरतं वाचलं तर ते वेगळंच निघतं. रामदास नुसतं ‘सुंदर लिही’ म्हणून थांबत नाहीत. अक्षराची गोलाई, ओळींतलं अंतर, काना-मात्रा-वेलांटीची जागा, टाक, शाई, कागद असा एकेक घटक ते सुटा करून सांगतात. तरुणपणी हौसेने काढलेलं फार बारीक अक्षर म्हातारपणी कामाचं नाही, म्हणून मध्यम आकाराचं लिहावं, इतकी व्यवहारी सूचनाही त्यांनी दिली आहे. गांधीजींनी त्याच प्रकरणात सुचवलंय की मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि फुलं-पक्षी पाहून काढावेत तशी अक्षरं पाहून काढायला लावावीत. आपल्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं होती : धूळपाटीवर बोटाने मोठं अक्षर काढायचं, चुकलं तर हात फिरवून पुसायचं. चूक पुसली जायची, वहीत लाल शाईने टिकून राहायची नाही. तेव्हा ही परंपरा दोन पानांची सक्ती करणाऱ्याच्या बाजूची आहे, असं मला वाटत नाही.

क्लेच्या बाजूचे लोक म्हणतील, आम्हीही तेच म्हणतो, आधी हात तयार करा. इथे मात्र पुरावा त्यांच्या विरोधात जातो. कॅनडातल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या नियतकालिकात २०११ साली अक्षर सुधारण्याच्या उपायांचा एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. ज्या उपायांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता ते निष्फळ ठरले होते, आणि वीसपेक्षा कमी सत्रांचा सरावही पुरला नव्हता. २०१९च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा कलही तोच आहे : मुलाला जी कृती यायला हवी ती कृतीच शिकवावी. घरातली कामं याला अपवाद नाहीत. शेंगा फोडून शेंगा फोडता येतात, लसूण सोलून लसूण सोलता येतो. दोन्ही मुलाने जरूर करावं, घरच्या कामात त्याचा वाटा असणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातून ‘क’ सुधारेल ही आशा धरली की सहा महिन्यांनी आई खचते आणि मूलही.

मग शिकवायचं कसं? कॅनडातच हेलेन पोलाटाइको आणि अँजेला मँडिच यांनी या मुलांसाठी एक पद्धत बसवली. तिचा गाभा चार पायऱ्यांचा आहे : काय साधायचं ते मुलाने ठरवायचं, कसं करायचं ते त्यानेच आखायचं, करून पाहायचं, आणि जमलं का ते त्यानेच तपासायचं. मोठ्यांनी उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचे.

गणवेशाच्या शर्टाचं बटण घ्या. नव्या शर्टाचं काज ताठ असतं आणि गळ्याजवळचं बटण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुरुवात आजोबांच्या स्वेटरच्या मोठ्या बटणाने, स्वेटर मांडीवर पसरून करावी. आईने बटण अर्धं काजातून बाहेर काढावं, शेवटचं ओढणं तेवढं मुलाचं. ते जमलं की आधीची पायरी त्याची. शेवट त्याच्या हातून होतो, म्हणून प्रत्येक वेळी बटण लागल्याचं समाधान त्याला मिळतं. मग अंगातल्या शर्टाचं सगळ्यात खालचं बटण, कारण ते दिसतं. अडलं तर ‘दे इकडे’ म्हणू नये. ‘बटण आडवं आहे की उभं?’ एवढंच विचारावं. हा धडा संध्याकाळचा किंवा रविवारचा. शाळेची घाई असताना सकाळी आईने बटणं मुकाट्याने लावून द्यावीत, त्यात काही बिघडत नाही.

अक्षराचंही तसंच. अ-आ-इ-ईच्या क्रमाने जाण्यापेक्षा एका वळणाची अक्षरं एकत्र घ्यावीत. ‘व’ आला की ‘ब’ला फक्त पोटातली तिरकी रेघ लागते, ‘क’ला उजवीकडचा आकडा. दुरेघी वहीत रोज एक ओळ, पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नाही. ओळ संपली की विचारावं : “यातला सगळ्यात चांगला ‘क’ कुठला? का?” मूल बोट ठेवतं, “याचा आकडा दांड्याला चिकटलाय.” तपासणं तिथे सुरू झालं. शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर, एका दमात, दुसऱ्या हाताने वही धरून. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले असावेत, आणि मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नये.

यावर आक्षेप येतो की हे तज्ज्ञांचं काम, घरच्यांना कसं जमणार? तज्ज्ञ भेटला तर उत्तमच. पण अकोले तालुक्यातल्या डोंगराळ डांगाणातून दर आठवड्याला नगर गाठणं कुणाला परवडतं? पाथर्डी-शेवगावकडे कितीतरी आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि मूल आजीपाशी असतं. ज्ञान घरापर्यंत नेता येतं याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना बाळंतपण, पोषण, रोगप्रतिबंध शिकवलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या गावच्या बायका हे शिकल्या, त्या गावच्या आजीला बटणाची शेवटची पायरी नातवाला सोडायला शिकवता येणार नाही, हे मला पटत नाही. डॉक्टर मात्र टाळू नये. येत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं, जिना चढताना थकू लागलं, हात कापू लागला, किंवा एकच बाजू मागे पडते आहे असं दिसलं, तर सराव बाजूला ठेवून आधी तपासणी करावी. डोळे तर सगळ्यांचेच तपासावेत.

शेवटचा आक्षेप शाळेचा : लिहिण्यातून सवलत दिली तर मूल लिहायचंच सोडेल. लिहिणं आणि विचार मांडणं ही दोन कामं आहेत. अक्षर काढण्यातच सगळं लक्ष गेलं की सांगायचं ते निसटतं. प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानदेवांनी शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा म्हणून ग्रंथाला कमीपणा आला नाही. कायदाही आता या मुलांच्या बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर लेखनिक व वाढीव वेळ मागता येतो. पण त्यासाठी दहावीपर्यंत थांबायची गरज नाही. तिसरीच्या गृहपाठात पाच उत्तरं असतील तर मुलाने दोन स्वतः लिहावीत आणि तीन तोंडी सांगावीत. ती आईने, नाहीतर थोरल्या बहिणीने, त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावीत आणि खाली लिहावं : ‘त्याने सांगितलं, मी लिहिलं.’ आणि ही वही दाखवून वर्गशिक्षकांशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्यावं.