दुपेडी दोराचा एक पेड

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या वेस्ट ऑरेंज इथे थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेच्या आवारात डांबरी कागदाने मढवलेला एक काळा स्टुडिओ होता. त्याला ‘ब्लॅक मारिया’ म्हणत. 1894 च्या अखेरीस किंवा 1895 च्या आरंभी एडिसनचा सहकारी विल्यम डिक्सन तिथे एका भल्यामोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन घेऊन उभा राहिला. शेजारी दोन पुरुष त्या सुरांवर नाचू लागले आणि कॅमेरा सुरू झाला. चित्राबरोबरच त्याचा आवाज टिपण्याचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना प्रयोग. तो जेमतेम सतरा सेकंदांचा आहे. चित्र फिल्मवर उमटलं आणि व्हायोलिन मेणाच्या नळकांड्यावर. पुढे दोघांची ताटातूट झाली. फिल्म टिकली, पाहिली गेली, पण मुकी राहिली. नळकांडं भंगलेल्या अवस्थेत दुसरीकडे सापडलं, ते दुरुस्त झालं आणि 2000 च्या सुमारास वॉल्टर मर्च या नामवंत संकलकाने संगणकावर त्या दोघांची पुन्हा सांगड घातली. शंभर वर्षं जे नुसतं दिसत होतं, ते तेव्हा ऐकू आलं.

आज याच्या उलट गोष्ट रोज घडते. कीर्तनाचा, व्याख्यानाचा किंवा घरच्या समारंभाचा व्हिडिओ कुणीतरी एखाद्या संकेतस्थळावर चढवतं, एमपीथ्री हा पर्याय निवडतं आणि बटण दाबतं. थोड्या वेळात नुसता आवाज हाती येतो. या क्रियेला आपण ‘व्हिडिओतून ऑडिओ काढणं’ म्हणतो. ‘काढणं’ या शब्दामुळे मात्र एक गैरसमज होतो. उसातून रस काढला की चिपाड उरतं. तसं एकजीव असलेल्या वस्तूतून काहीतरी पिळून घेतल्याचा भास या शब्दात आहे. माझं म्हणणं असं की, ध्वनी आणि चित्र कधी एकजीव नव्हतेच. त्यांचा दुपेडी दोर वळलेला असतो आणि ऑनलाइन साधन त्यातला एक पेड सोडवून देतं. हे बटण नवं असलं तरी पेड वळण्याची आणि सोडवण्याची परंपरा बोलपटाइतकीच जुनी आहे. ती नीट पाहिली, तर या साधनाकडून काय मागावं आणि काय मागू नये हेही कळतं.

बोलपटाचं व्यावसायिक युग ज्या तंत्राने सुरू झालं, त्यात तर दोन वस्तू सरळसरळ वेगळ्या होत्या. 1926 साली आलेल्या व्हायटाफोन पद्धतीत चित्र फिल्मवर असे आणि आवाज सोळा इंची तबकडीवर. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेई आणि एक बाजू सुमारे अकरा मिनिटं चाले, कारण हजार फुटी रीळही तेवढाच वेळ चालत असे. 1927 चा ‘द जॅझ सिंगर’ याच पद्धतीचा. फिल्म तुटून चार चौकटी गेल्या, तर तिथे तेवढ्याच काळ्या चौकटी जोडाव्या लागत. नाहीतर ओठ एक म्हणत आणि तबकडी दुसरंच. या कटकटीमुळे फिल्मच्या कडेलाच आवाज छापण्याची पद्धत जिंकली. जुन्या 35 मिलिमीटर फिल्मचा तुकडा उजेडासमोर धरला, तर चौकटी आणि कडेची भोकं यांच्यामध्ये जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची एक उभी पट्टी दिसते. कधी ती करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी असते, कधी फिक्या-गडद आडव्या रेघांची. तोच आवाज. प्रोजेक्टरमधल्या दिव्याचा झोत तिच्यातून जातो, पलीकडचा प्रकाशविद्युत घट उजेडातले चढउतार टिपतो आणि त्यांचे सूर होतात.

चित्र आणि ध्वनी असे एकाच पट्टीवर आले, तेव्हा तरी ते एकजीव झाले असं वाटेल. पण त्या तुकड्यावर चौकटीच्या अगदी शेजारी असलेला आवाज त्या चौकटीचा नसतो. तिचा आवाज सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो. याचं कारण यंत्रात आहे. चित्र दिसण्यासाठी प्रत्येक चौकट झरोक्यासमोर क्षणभर थांबावी लागते. फिल्म तिथून सेकंदाला चोवीस झटके घेत सरकते. आवाजाला मात्र असा एकही झटका चालत नाही, त्याला अखंड, एकसारखी गती लागते. म्हणून आवाज वाचण्याची जागा झरोक्यापासून दूर, जिथे फिल्म संथ वाहते तिथे ठेवावी लागली. चित्र थांबत-थांबत जातं आणि आवाज वाहत जातो. दोघांच्या स्वभावातला हा फरक एका पट्टीवर आणूनही पुसता आला नाही. शिवाय ती पट्टी तयार होण्याआधी चित्राचं निगेटिव्ह वेगळं असे आणि ध्वनीचं वेगळं. चित्रीकरणाच्या वेळी पाटीचा जो ‘खट्’ आवाज करतात, तो याचसाठी: वेगवेगळं टिपलेलं चित्र आणि ध्वनी पुढे कुठे जुळवायचे, त्याची ती खूण.

यावर भारतीय वाचक एक भक्कम आक्षेप घेऊ शकतो आणि तो टाळून चालणार नाही. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात झळकलेला अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट अशा दोन निगेटिव्हांवर तयार झाला नव्हता. टॅनार यंत्रावर चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर, एकाच वेळी टिपले गेले. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ असल्यामुळे गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा चित्रीकरण करावं लागे. वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड लपून वाजवावं लागे. म्हणजे आपल्या बोलपटाचा जन्म एकत्रपणातच झाला. हे खरं आहे. पण हा एकत्रपणा नटांना, वादकांना आणि संकलकाला इतका जाचक होता की, तो फार काळ टिकला नाही. चित्र कापलं की आवाजही कापला जाई. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस आणि रायचंद बोराल यांनी ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या ‘धूप छाँव’ या हिंदी आवृत्तीत गाणं आधी मुद्रित करून नंतर त्यावर चित्रीकरण केलं. पार्श्वगायन ही जी चाल आपल्या चित्रपटसृष्टीने पुढे अंगी बाणवली, ती या दोन पेडांच्या वेगळेपणावरच उभी आहे. गाणं एका गळ्यातून येतं, ओठ दुसऱ्याचे हलतात. तेव्हा चित्रपटातून गाणं वेगळं केलं, तर ते मोडत नाही. चित्रीकरणाच्या आधी ज्या स्थितीत होतं, त्या स्थितीत परत येतं. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याची गाणी रेकॉर्डवर वेगळी निघाली नव्हती, त्यामुळे चित्राबरोबर तीही गेली. पेड वेगळा ठेवला असता, तर निदान आवाज वाचला असता.

पार्श्वगायनानंतर वेगळं करण्याचं काम श्रोत्यांनी आणि बाजाराने आपल्या हाती घेतलं. 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून चित्रपटातलं लांब गाणं रेकॉर्डसाठी आखडावं लागे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली, तेव्हा श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ 1952 पासून तिथूनच ऐकू येत होती. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली आणि गाणी स्वदेशी लहरींवर परतली. 1975 च्या ‘शोले’च्या तर संवादांची रेकॉर्ड निघाली. ज्यांनी चित्रपट पाहिला होता, त्यांनीच ती विकत घेतली. आवाज ऐकला की चित्र आपोआप डोळ्यांसमोर येई. कायद्यालाही अखेर हे मान्य करावं लागलं. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्यापलीकडे गाण्याचा जो वापर होईल, त्याच्या मानधनातला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा त्यांना सोडूनही देता येणार नाही. चित्रपटातलं गाणं आणि चित्रपटाबाहेरचं गाणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत, हे यात स्वच्छ लिहिलेलं आहे.

संगणकाच्या फाईलमध्ये हा दुपेडी दोर आणखी उघडपणे दिसतो. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या एव्हीआय या प्रकाराचं नावच ‘ऑडिओ व्हिडिओ इंटरलीव्ह’ असं आहे: ध्वनी आणि चित्र यांचे तुकडे आलटूनपालटून गुंफलेले. आज घराघरात असलेली एमपीफोर फाईल ॲपलच्या क्विकटाइमवरून घडली. ती एकात एक ठेवलेल्या डब्यांसारखी असते. एका डब्यात अनुक्रमणिका असते आणि तिथे प्रत्येक मार्गाची स्वतंत्र नोंद: हा चित्राचा, हा ध्वनीचा, याचे तुकडे फाईलमध्ये अमुक अमुक ठिकाणी आहेत. दोघांचा ठेकाही एक नसतो. सेकंदाला 25 चौकटी असतील, तर एक चौकट 40 मिलिसेकंद टिकते; सेकंदाला 48,000 नमुने असलेल्या, एएसी पद्धतीने दाबलेल्या ध्वनीचं एक पुडकं 1024 नमुन्यांचं, म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंदांचं असतं. त्यांना बरोबर ठेवतात ते तुकड्यांवर नोंदलेले वेळेचे शिक्के. चित्रीकरणाच्या पाटीचा ‘खट्’ इथे आकड्यांत उतरला आहे.

ही अनुक्रमणिका वाचून हव्या त्या मार्गाचे तुकडे उचलणं, एवढंच मूळ काम. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2000 मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प ते करतो आणि ध्वनी वेगळा करून देणाऱ्या असंख्य संकेतस्थळांच्या पोटात तोच असतो. 2017 पासून प्रमुख ब्राउझरांमध्ये वेबअसेम्ब्ली, म्हणजे जड प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच चालवण्याची सोय, आली आणि हेच काम फाईल कुठेही न पाठवता, वापरणाऱ्याच्या संगणकावरच करणं शक्य झालं. खासगी बैठकीचं किंवा घरातल्या बोलण्याचं चित्रण असेल, तर हा फरक महत्त्वाचा आहे; फाईल परक्या सर्व्हरवर जाते की आपल्याकडेच राहते, हे आधी पाहावं.

आवाज जसाच्या तसा उचलणं आणि तो पुन्हा नव्या साच्यात ओतणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि ही कुळकथा जाणणाऱ्याला त्यांतला फरक विसरता येत नाही. एमपीफोरमधला ध्वनी बहुधा एएसीत असतो. तो एमफोरए म्हणून वेगळा केला, तर तुकडे न बदलता नव्या डब्यात जातात. तासाभराच्या फाईललाही काही सेकंद पुरतात आणि गुणवत्तेत तिळमात्र फरक पडत नाही. एमपीथ्री मागितलं की साधन आधी तो ध्वनी उलगडतं आणि मग पुन्हा दाबून बसवतं. प्रत्येक दाबणीत थोडं गळतं. 320 किलोबिट हा आकडा निवडल्याने गळालेलं परत येत नाही, फाईल तेवढी फुगते. एमपीथ्रीचा उपयोग नाही असं मुळीच नाही. 128 किलोबिटने तासभराचं व्याख्यान सुमारे 58 एमबीत बसतं आणि जुन्यातल्या जुन्या यंत्रावर वाजतं. पण जपून ठेवायची प्रत उचललेली असावी, पुन्हा ओतलेली नसावी.

दोन आक्षेप उरतात. पहिला कलेचा: चांगल्या चित्रपटात ध्वनी आणि चित्र मिळून अर्थ घडवतात, मग त्यांना वेगळं करणं हा त्या कृतीचा अवमान नाही का? ‘प्रभात’चा 1936 चा ‘संत तुकाराम’ घ्या. त्याचे दिग्दर्शक दोन: विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे. त्या चित्रपटातलं ऐक्य दोन स्वतंत्र कसबांच्या मेळातून आलं आहे. मेळ दोघांचा असतो, म्हणूनच तो मोलाचा. आणि आवाज वेगळा केल्याने मूळ फाईलमधलं काहीच कमी होत नाही. उसाच्या चिपाडाची उपमा इथे लागू पडत नाही. दुसरा आक्षेप चोरीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. संगीत कंपन्यांच्या दाव्यानंतर युट्यूब-एमपीथ्री हे जर्मनीतलं लोकप्रिय संकेतस्थळ 2017 मध्ये बंद झालं, ते उगाच नव्हे. पेड सोडवता येतो म्हणून तो आपला होत नाही. ज्या कायद्याने गीतकाराला त्याचा वाटा मिळवून दिला, तो गाणं फुकट उतरवून वाटणाऱ्याच्या बाजूने कसा असेल? स्वतः केलेलं चित्रण, परवानगी असलेलं व्याख्यान, हक्कमुक्त झालेली जुनी कृती, हे या साधनाचं खरं क्षेत्र आहे आणि ते लहान नाही.

वेगळं करताना एक गोष्ट मात्र खरोखरच हरवू शकते. 1949 च्या ‘महल’मधलं लता मंगेशकरांनी गायलेलं गाणं रेकॉर्डवर आलं, तेव्हा गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. आवाज चित्रापासून सुटला आणि नावापासूनही सुटला. व्हिडिओत बोलणारा चेहरा दिसतो, मागचा फलक दिसतो, सभागृह दिसतं. आवाजाच्या फाईलमध्ये यातलं काहीच उरत नाही आणि बटण ते आपल्यासाठी लिहून ठेवत नाही. म्हणून एवढंच सांगणं: आवाज सोडवून घ्याल तेव्हा मूळ चित्रण पुसू नका आणि नव्या फाईलला बोलणाऱ्याचं नाव, ठिकाण आणि तारीख लगेच द्या.