बर्लिनचे विद्यार्थी, मडगावचे मैदान

पणजीचा अठरा जून रस्ता ही माझी रोजची ऑफिसची वाट. या तारखेची मडगावची सभा आपण सगळेच जाणतो. पण तिची सुरुवात बर्लिन विद्यापीठाच्या दिवसांत आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

१९२९ मध्ये राममनोहर लोहिया तिथे शिकायला गेले आणि भारतातील मिठावरील करावर प्रबंध लिहून १९३३ मध्ये परतले. पुढारीपण मात्र ते वर्गाबाहेर, भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेत शिकले. १९३० मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघासमोर बिकानेरचे महाराज भारताच्या नावाने बोलू लागले, तेव्हा वीस वर्षांच्या लोहियांनी गॅलरीतून शीळ घातली.

असोळण्याचे ज्युलियांव मिनेझिस तेव्हा बर्लिनलाच डॉक्टरकी शिकत होते. दोघांची मैत्री जुळली. १९४६ मध्ये तुरुंगातून सुटलेले आजारी लोहिया विश्रांतीसाठी याच मित्राच्या घरी आले. पोर्तुगीज अमलात साध्या सभेलाही परवानगी लागे. विश्रांती राहिली बाजूला. १८ जूनला बंदी मोडून दोघे मैदानात उतरले आणि दोघांनाही अटक झाली.

आज विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका होतात, त्या हव्यातच. पण गावोगावची मुले एकत्र बसून वाद घालतील, अन्यायाविरुद्ध बोलतील, एवढी मोकळीकही विद्यापीठाने द्यावी. त्याचे फळ कधी आणि कुठे मिळेल सांगता येत नाही. आपल्याला ते मडगावात मिळाले.