एका कोठडीतून निघालेली विद्या

आपल्याच हाताने आपल्याच देहाला इजा करणारे माणूस दिसले, की पाहणाऱ्याच्या मनात बहुधा तीन विचार येतात : हे वेड असावे, हे ढोंग असावे, नाही तर हा गुन्हा असावा. शाळेत मुलांच्या सहवासात वर्षे गेल्यामुळे हे तिन्ही विचार माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. भर वैशाखात एखादी मुलगी मनगटापर्यंतच्या बाह्या वर करीत नाही, हे ध्यानात आले की शिक्षकांच्या खोलीत हीच तीन मते मांडली जातात. तिला काय सोसवत नाही, हा चौथा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

वाचकहो, मी वैद्य नव्हे. पण कादंबरी लिहिणाऱ्याला माणसाच्या वागण्यामागचे कारण हुडकण्याची खोड असते. त्या खोडीपायी या विषयाचा इतिहास वाचत गेलो, आणि असे दिसले की मनाचे वैद्यही फार काळ याच तीन विचारांत घोटाळत होते. त्यांतून वाट कशी निघाली, ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

चौथा प्रश्न विचारणारे अगदीच नव्हते असे नाही. १९१३ च्या सुमारास अमेरिकेतील बॉस्टन शहरी एमर्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अशा एका तरुणीची जीवनकथा शांतपणे ऐकून घेतली आणि तिच्या जखमांचा धागा बालपणी सोसलेल्या अत्याचारापर्यंत नेऊन पोचवला. पुढे १९३८ साली कार्ल मेनिंजर या नामांकित मनोविकारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात एक चकित करणारे मत मांडले. अशी इजा म्हणजे मरणाची हौस नव्हे. उलट संपूर्ण नाश टाळण्यासाठी मनाने केलेली ती वेडीवाकडी तडजोड असते, असे त्याचे म्हणणे. विचार मोलाचा होता. पण इस्पितळांच्या भिंतींआड तो फारसा पोचला नाही.

याचा प्रत्यय कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे येतो. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयाची सनद १८२२ सालची. अशा त्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थेत मार्च १९६१ मध्ये टल्सा गावची सतरा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिचे नाव मार्शा लिनेहन. ती स्वतःला वारंवार इजा करी. डॉक्टरांनी छिन्नमनस्कतेचे निदान केले. औषधे झाली, विजेचे झटके झाले, एकान्तकोठडी झाली. परंतु कोठडीतही ती थांबली नाही. हाताशी असलेली वस्तू काढून घेता येते, मनातली वेदना मात्र तिच्याबरोबर आतच कोंडली गेली होती. त्या काळचे डॉक्टर दुष्ट होते असे मुळीच नाही. त्यांच्यापाशी दुसरी विद्याच नव्हती. सव्वादोन वर्षांनी, मे १९६३ मध्ये, ती बाहेर पडली. या नरकातून आपण सुटू आणि मग इतरांना सोडवायला परत येऊ, असा पण तिने मनोमन केला होता.

पण सगळेच करतात, तो पाळण्याचे कष्ट थोडेच घेतात. शिकागोत दिवसा विमा कंपनीत कारकुनी आणि रात्री लोयोला विद्यापीठाचे वर्ग, असे करीत तिने अभ्यास चालू ठेवला आणि १९७१ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिनेहनबाईंनी मुद्दाम ज्यांना इतर वैद्य टाळीत तेच रुग्ण निवडले.

प्रथम त्या रुग्णांना सांगत : वागणे बदला. रुग्ण चिडत, म्हणजे दोष आमचाच ना, असे त्यांना वाटे. मग त्यांनी नुसते ऐकून घ्यायला, समजून घ्यायला आरंभ केला. तेव्हा रुग्ण म्हणत, आम्हांला असेच कुजत ठेवणार की काय? तेव्हा बाईंच्या ध्यानात आले, की दोन्ही एकाच वेळी हवे. ‘तुझे दुःख खरे आहे’ हेही सांगायचे, आणि ‘तरी तुला निराळी वाट शिकावी लागेल’ हेही. यातला स्वीकाराचा भाग त्या झेन साधकांकडून शिकल्या. झेन हा शब्द आपल्या ‘ध्यान’ शब्दाचाच. चीनमधून जपानला जाता जाता त्याचे रूप पालटले. परस्परविरोधी दोन गोष्टींचा मेळ घालायचा म्हणून या पद्धतीला ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ असे नाव मिळाले.

या पद्धतीमागील समजूत साधी आहे. काही माणसांचे मन जन्मतःच हळवे असते. भावना झटकन उसळते आणि ओसरायला फार वेळ घेते. त्यात भोवतालची माणसे ‘एवढे काय झाले रडायला!’ असे वरचेवर म्हणत राहिली, की आपल्या भावनेचे काय करायचे हे त्या माणसाला कधी शिकायलाच मिळत नाही. मग इजा केल्यावर घटकाभर आतला कल्लोळ शमतो. तेवढ्या आरामापायी ती सवय जडते, आणि पुढे लाज वाटून दुःख दुप्पट होते.

म्हणून उपचार करणारा ओरडत नाही आणि गडबडूनही जात नाही. तो रुग्णाबरोबर त्या दिवसाची साखळी कडी कडी करून तपासतो : झोप झाली होती का, कोणाचा शब्द लागला, मग मनात काय आले, आणि कोणती कडी तोडता आली असती? मास्तर म्हणून मला विशेष भावले ते हे, की आठवड्याच्या भेटीखेरीज इथे चक्क वर्ग भरतो आणि गृहपाठही असतो. भावना ओळखणे, कठीण घटका इजा न करता निभावणे, आपली मागणी नीट शब्दांत मांडणे हे तिथे धडे. अडचणीच्या क्षणी वैद्याला फोन करण्याची मुभा असते. उपचार करणारेही थकतात, म्हणून तेही आठवड्याला एकत्र बसून एकमेकांना सावरतात.

१९९१ साली या पद्धतीची वर्षभराची पारख प्रसिद्ध झाली. या उपचारातील स्त्रियांनी स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले आणि उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्याही कमी निघाल्या. १९९३ मध्ये बाईंचे पुस्तक आले. मात्र स्वतःचे पूर्ववृत्त त्यांनी जगापुढे मांडले नव्हते. त्यांच्या हातावरचे जुने वण पाहून, तुम्ही आमच्यापैकीच का, असे एका रुग्णाने विचारले होते. अखेर जून २०११ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हार्टफर्डच्या त्याच रुग्णालयात उभे राहून त्यांनी सर्वांसमक्ष त्याचे उत्तर दिले.

आपल्याकडे तिसरा विचार, गुन्ह्याचा, कायद्यातच बसला होता. इजा करणारा प्रत्येक जण मरू इच्छितो असे नाही. पण १८६० च्या दंडसंहितेने आत्महत्येच्या प्रयत्नाला कैद सांगितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली ते कलम घटनाबाह्य ठरवले. परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला, तेव्हा कुठे उलटे ठरले : असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, आणि सरकारने त्याची शुश्रूषा करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते जुने कलम उरलेले नाही.

कायदा बदलला, आता घरांची पाळी आहे. दिवाळीच्या फराळाला सारी मंडळी जमतात, त्यांत एखादे लेकरू बाह्या ओढून गप्प बसलेले असू शकते. त्याला चारचौघांत छेडू नये. नंतर जवळ बसून हळूच विचारावे. विचारल्याने नसती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत खोटी आहे. जखम असेल तर आधी तिच्यावर उपचार करावा, आणि मग मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जावे. तो जवळ नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे; तिथे अहोरात्र, विनामूल्य बोलता येते. लिनेहनबाईंना जी विद्या कोठडीत सापडली नाही, तिचा पहिला धडा तरी आपल्या माजघरात गिरवता येण्याजोगा आहे : आधी ऐकून घ्यावे, मग वाट दाखवावी.