कराटेची बाराखडी किती जुनी?

१/ कराटेच्या वर्गात पांढरा पट्टा बांधलेली मुले ओळीने उभी राहतात. मोजणीच्या तालावर ती वळतात, वार अडवतात, पाऊल टाकून ठोसा मारतात. चालींच्या या ठरावीक क्रमाला ‘काता’ म्हणतात. शोतोकान, वादो, शितो या शैलींत आरंभी शिकवल्या जाणाऱ्या पाच काता प्राचीन असाव्यात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांचा जन्म विसाव्या शतकात, शाळकरी मुलांसाठी झाला.

२/ १८७९ साली जपानने र्‍युक्यूचे राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला. ही विद्या तोवर मोजक्या शिष्यांपुरतीच होती. फुनाकोशी गिचिन रात्री गुरूच्या अंगणात सराव करीत. केवळ तीन काता शिकण्यात आपली दहा वर्षे गेली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

३/ त्यांचे एक गुरू इतोसु आंको (१८३१–१९१५). १९०१ पासून इतोसु शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे शिकवू लागले. आता समोर एक शिष्य नव्हता, अख्खा वर्ग होता. म्हणून १९०५ च्या सुमारास त्यांनी पाच आटोपशीर काता रचल्या. त्यांचे नाव ‘पिनान’, म्हणजे शांतता. ‘कुशांकू’ या जुन्या, दीर्घ कातामधल्या अनेक चाली त्यांत ओळखू येतात.

४/ नाव शांततेचे. काळ मात्र सैन्यभरतीचा. १९०८ च्या आपल्या दहा कलमी पत्रात इतोसुंनी लिहिले, की शाळेपासून कराटे शिकलेली मुले पुढे लष्करी सेवेस उपयोगी पडतील. ज्या सत्तेने राज्य बुडवले, तिच्याच शाळांत आपली विद्या रुजवायची, तर तिला पटेल असे कारण देणे भागच होते.

५/ १९२२ मध्ये फुनाकोशी टोकियोला गेले. पुढे त्यांनी ‘पिनान’ची तीच चिन्हे जपानी उच्चाराने ‘हेइआन’ अशी वाचली आणि पहिल्या दोन कातांची अदलाबदल केली. दुसरी अधिक सोपी होती, म्हणून ती पहिली झाली.

६/ म्हणजे ‘मूलभूत’ हे ‘मूळ’ असतेच असे नाही. येथे पाया इमारतीनंतर घातला गेला. त्यात दहा वर्षांचा एकांत हरवला, हे खरे. पण त्यामुळेच ही विद्या मूठभरांच्या अंगणातून जगभर गेली. इतोसुंनी मात्र घाईला मुभा दिली नव्हती. त्याच पत्रात ते रोज एक-दोन तास, तीन-चार वर्षे सराव सांगतात.