जागेपणाचा शोध

झोप का लागते, हा प्रश्न माणसाने पुष्कळ काळ विचारला. जाग कशाने टिकते, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. डोळ्यांवर उजेड पडतो, कानांवर आवाज येतो, म्हणून मेंदू जागा राहतो. हे येणे थांबले की तो झोपतो, अशी समजूत विद्वानांतही होती.

या समजुतीला धक्का दिला तो एका साथीने. १९१६-१७ च्या हिवाळ्यात, महायुद्ध चालू असताना, व्हिएन्नाच्या इस्पितळात विलक्षण रोगी येऊ लागले. कोणी जेवता जेवता झोपत आणि आठवडेच्या आठवडे निजून राहत. हलवून उठविले तर भानावर येऊन उत्तर देत, पुन्हा झोपत. उलट काहींना काही केल्या झोप येईना! डॉ. कॉन्स्टंटिन फॉन एकोनोमो यांनी १९१७ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. दगावलेल्यांचे मेंदू तपासता झोपाळू रोग्यांत इजा आढळली ती मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाशी, हायपोथॅलॅमसच्या मागल्या भागालगत; निद्रानाश झालेल्यांत ती त्याच्या पुढल्या भागात. म्हणजे जागविणारे ठिकाण निराळे आणि निजविणारे निराळे.

१९३५ साली ब्रुसेल्सच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजराच्या मेंदूचा देठ वरच्या बाजूस छेदला. मेंदूच्या विद्युत्-आलेखात झोपेच्या मंद लाटा उमटल्या. छेद पाठीच्या मज्जारज्जूच्या सांध्याशी घेतला, तेव्हा झोप-जाग पूर्ववत् चालू राहिली. संवेदना तुटल्या म्हणून झोप आली, असा जुनाच अर्थ ब्रेमर यांनी लावला. त्यांना दोष देता येत नाही. एकाच सुरीने दोन्ही वाटा कापल्या गेल्या होत्या.

उकल झाली ती शिकागोस. १९४९ साली, पिसाहून आलेले ज्युसेप्पे मोरुझी आणि होरेस मॅगून यांनी गुंगीतल्या मांजराच्या देठातील जाळीदार गाभ्याला विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला. मंद लाटा मोडल्या, जागेपणाच्या जलद लाटा आल्या. पाठोपाठच्या प्रयोगांत तर संवेदनांच्या वाटा तोडून गाभा राखलेले मांजर जागे होई. वाटा राखून गाभा नष्ट केलेले मात्र मूर्च्छितासारखे पडून राही.

श्रोतेहो, देठातील एवढीशी इजा माणसाला बेशुद्ध करते, आणि वरच्या मेंदूची एक बाजू बरीच दुखावूनही रोगी जागा राहू शकतो, ते यामुळेच. ‘त्यांना कळतंय ना हो?’ असे घरची माणसे विचारीत असतात, तेव्हा डॉक्टर बॅटरीचा झोत बाहुलीवर टाकतात. बाहुली आकसते की नाही, यावरून त्या देठाचाच अंदाज घेणे चाललेले असते.