पपायरस : गोरेगाव परिसरातील लागवड

मुस्ता कुलातील बहुवर्षायू पाणवनस्पती. शास्त्रीय नाव सायपेरस पपायरस. लिनीअस यांनी १७५३ मध्ये ते दिले. मूळस्थान आफ्रिका. दक्षिण सुदानातल्या सुद दलदलीत तिची अफाट बने आहेत. आपल्या शेतात निंदून थकवणारा लव्हाळा आणि औषधी नागरमोथा याच सायपेरस प्रजातीतले.

चिखलात आडव्या वाढणाऱ्या जाड मूलक्षोडातून हिरवे, त्रिधारी, गुळगुळीत दांडे सरळ वर येतात. अनुकूल जागी ते ४ ते ५ मी. उंच होतात आणि प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्यासारख्या बारीक काड्यांचा गोल झुबका असतो. दांड्यातल्या गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून, दाबून इजिप्तमध्ये लेखनपत्रे होत, हे सर्वश्रुत आहे. शोभेसाठीची लागवडही जुनीच : नेबामुन या इजिप्ती अधिकाऱ्याच्या थडग्यातील, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात मासे, बदके आणि कमळे असलेल्या बागेतल्या तळ्याच्या कडेने पपायरस दाखवला आहे.

मुंबईतल्या गोरेगावचे हवामान पपायरसला मानवते. युरोपात बहुतेक ठिकाणी थंडीत तो घरात घ्यावा लागतो. इथे बारा महिने हिरवा राहतो. अडचण असते ती उन्हाची आणि वाऱ्याची. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर दांडे बारीक होऊन वाकतात. उंच इमारतींच्या सावलीतल्या गॅलरीत तो लावू नये. गच्चीवर ऊन भरपूर, पण जून-जुलैतला नैर्ऋत्येचा वारा उंच दांडे मोडतो. म्हणून पश्चिमेला भिंत किंवा कठडा असलेला कोपरा निवडावा.

रोपवाटिकेत ‘पपायरस’ म्हणून पुष्कळदा अंब्रेला पाम (सायपेरस आल्टर्निफोलियस) मिळतो. ओळख सोपी आहे : त्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली चपटी, पानांसारखी छदे असतात, खऱ्या पपायरसचा झुबका केसाळ असतो. फसवणूक म्हणावी असे यात फारसे नाही, कारण फ्लॅटमधल्या माणसाला अंब्रेला पामच अधिक सोयीचा. तो थोडी सावली सोसतो आणि आटोपशीर राहतो. सायपेरस प्रोलिफर हा बुटका पपायरस गुडघ्या-कमरेएवढाच होतो. लहान टबासाठी याहून चांगली निवड नाही.

लागवडीसाठी भोक नसलेला रुंद टब किंवा सिमेंटची कुंडी घ्यावी. लाल मातीत थोडी चिकण माती मिसळावी. कोकोपीट टाळावे, ते पाण्यावर तरंगते. वर खडीचा थर द्यावा. गड्ड्यावर १० ते १५ सेंमी. पाणी पुरे. खत पाण्यात न टाकता मातीत खोल दाबावे, नाहीतर शेवाळ माजते. पिवळे दांडे बुडापासून कापावेत; नवे दांडे गड्ड्यातून येतात. टब भरला की पावसाच्या तोंडावर गड्डा विभागून पुन्हा लावावा. अंब्रेला पाम व बुटका पपायरस यांचा शेंडा कापून पाण्यात उलटा ठेवला तरी त्याला मुळे फुटतात. गच्चीवर वजनाचा हिशोब आधी करावा : १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो, माती वेगळी.

मुंबईत या झाडाचा खरा प्रश्न डासांचा आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून वाढ साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी कुंड्या तपासतात, आणि डासोत्पत्ती आढळल्यास १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली नोटीस येते. मोठ्या टबात गप्पी मासे सोडावेत. लहान भांड्यातले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, कडा घासून बदलावे. अंडी कडेला चिकटलेली असतात. तेवढी शिस्त जमणार नसेल तर पाणी साठवूच नये. भोकाच्या कुंडीतली माती सतत ओली ठेवूनही अंब्रेला पाम उत्तम जगतो.

जादा झालेले गड्डे आरेतल्या छोटा काश्मीर तलावात किंवा ओशिवरा नदीत टाकू नयेत. फ्लोरिडात पपायरस बागांतून निसटून पाणथळीत पसरला आहे. पवई तलावाला ग्रासणारी जलपर्णीही भारतात शोभेचे झाड म्हणूनच आली होती. नको असलेले गड्डे उन्हात पूर्ण वाळवून मगच कंपोस्टमध्ये घालावेत.