टांझानियाची पहिली नाणी : एक भाषिक साधन

मुंबईच्या घाटकोपर व मुलुंड या उपनगरांत कच्छी व गुजराती कुटुंबांची वस्ती मोठी असून, त्यांपैकी काहींचे नातेसंबंध पूर्व आफ्रिकेशी जडलेले आहेत. १९६४ ची झांझिबारमधील क्रांती आणि १९७२ साली युगांडातून झालेली आशियाईंची हकालपट्टी यांमुळे तेथील भारतीय समाज विखुरला. अशा घरातील जुन्या पेटीत तिकडची चिल्लर निघाली, तर ती कवडीमोल समजली जाणे स्वाभाविक आहे. तथापि ही चिल्लर भाषेच्या इतिहासाचे साधनही होय. टांझानियाची १९६६ ची नाणी याचे उत्तम उदाहरण आहेत.

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला व २६ एप्रिल १९६४ रोजी झांझिबारशी संयुक्त झाला. परंतु १९६६ पर्यंत तेथे पूर्व आफ्रिकी चलन मंडळाचाच शिलिंग चालत होता. त्या वर्षी टांझानिया, केनिया व युगांडा यांनी स्वतःची नाणी काढली. केनिया व युगांडा यांनी मुद्रालेखासाठी इंग्रजी ठेवली. टांझानियाने स्वाहिली स्वीकारली.

ज्युलियस न्येरेरे यांच्या प्रतिमेसोबत 'राइस वा क्वान्झा', म्हणजे 'पहिले अध्यक्ष', अशी अक्षरे आहेत. यातील 'राइस' अरबी, तर 'क्वान्झा' बांटू. पाच व एक यांसाठी 'टानो' व 'मोजा' हे बांटू शब्द आहेत. वीस व पन्नास यांसाठी 'इशिरिनी' व 'हम्सिनी' हे अरबीतून आलेले. 'सेंटी' व 'शिलिंगी' ही इंग्रजीची देणगी. अवघ्या चार नाण्यांच्या संचात किनारपट्टीवरील व्यापार, वसाहतीची राजवट आणि मूळ देशभाषा हे तिन्ही थर दिसतात.

भारतीय थर मात्र येथे दिसत नाही. त्यासाठी जुन्या नाण्यांकडे वळावे लागते. झांझिबारच्या सुलतान बरघशने १८८२ साली तांब्याचा पैसा पाडला. मोंबासासाठी १८८८ साली काढलेल्या पैशांपैकी काही कलकत्त्याच्या टाकसाळीतले आहेत. जर्मन पूर्व आफ्रिकेत तर प्रारंभी चौसष्ट 'पेसां'चा एक रुपया होत असे. हा हिशेब आपल्याकडील चौसष्ट पैशांच्या रुपयाचाच होय. केनिया व युगांडा या प्रदेशांत १९२० पर्यंत भारतीय रुपयाच चलनात होता. त्याची जागा प्रथम फ्लोरिनने व लवकरच शिलिंगने घेतली. पुढे महायुद्धाच्या काळात यांपैकी काही शिलिंग मुंबईच्या टाकसाळीत पडले; १९४२ व १९४३ च्या अशा नाण्यांवर 'आय' हे रोमी अक्षर आढळते.

रुपया गेला, नाण्यावरील 'पेसा'ही गेला. परंतु स्वाहिलीत पैशाला आजही 'पेसा' असेच म्हणतात. नाण्यावरून पुसलेला शब्द लोकांच्या तोंडी टिकला. म्हणूनच केवळ १९६६ चा कोरा संच जमविणाऱ्या संग्राहकाच्या हाती अर्धीच कथा येते. त्या संचाशेजारी मोंबासाचा झिजलेला पैसा ठेवला, तरच ती पुरी होते.

शंभर वर्षे न झालेली नाणी १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमातील व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे त्यांचे जतन संग्राहकाच्या विवेकावरच अवलंबून आहे. उपनगरांतील जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होत असता अशा पेट्या उघडतात, आणि त्यांतील ऐवज वाटला जातो. नाणे पुन्हा विकत मिळू शकते. ते कोणत्या बंदरातून, कोणत्या व्यवसायातील कुटुंबाबरोबर व कोणत्या वर्षी आले, ही माहिती पुन्हा मिळत नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांकडून वेळीच टिपून ठेवणे, हे नाणे मिळविण्याहून अधिक निकडीचे कार्य होय.